सदतीसच्या आत

ढीग मी आधी चाळला, मग वेगळा केला, मग मोजला. विटांचे तुकडे आणि चुरा एकशे चाळीस किलो. छतातून निघालेलं पीओपी, फुलांच्या नक्षीसकट, अठ्ठावन्न किलो. फरशीचे तुकडे एकतीस किलो, त्यात पांढऱ्यापेक्षा पिस्ता रंगाचे जास्त. थर्माकोल फक्त चार किलो, पण त्यानं शेडचा एक कोपरा पत्र्यापर्यंत भरला. दुधाच्या पिशव्या दोन पोती. बाटल्यांची झाकणं एक बादली. जुन्या गाद्यांचा कापूस आणि चिंध्या मिळून बावीस किलो. सागवानी चौकटीच्या तीन बाजू. चौथी सापडली नाही. ‘सुस्वागतम’ लिहिलेली एक पाटी, मधोमध तुटलेली. बाहुलीचा एक हात. शेवटच्या दोन वस्तू कशात धरायच्या ते मला ठरवता आलं नाही, म्हणून त्या खिडकीत ठेवून दिल्या.

हे सगळं आमच्याच गल्लीचं होतं. रस्ता रुंद करताना रोशन गेटजवळच्या आमच्या गल्लीची एक बाजू कापली गेली. ज्यांच्या घराची पुढची खोली गेली त्यातले बरेचजण मागच्या खोलीत न राहता पडेगावला, नाहीतर हर्सूलकडे गेले. मलबा मात्र रस्त्याच्या कडेला राहिला आणि त्यावर लोकांनी घरातला कचरा टाकला. मी तो टेम्पोनं चिकलठाण्याच्या माझ्या शेडमध्ये आणला.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. अशा मलब्यापासून आणि घरच्या कचऱ्यापासून मी स्टुलं, टेबलांचे वरचे तक्ते आणि छताला लावायचे तक्ते बनवतो. आधी ‘आम्ही बनवतो’ असं म्हणायची सवय होती. वासिफ माझ्या वर्गातला. शेड दोघांनी मिळून घेतली होती. मग त्याला पुण्यात मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. जाताना त्यानं आपली कढई आणि चाळण्या माझ्याकडेच ठेवल्या. भांडण झालं नाही. झालं असतं तर मला त्याच्याबद्दल बोलायला काहीतरी विषय मिळाला असता.

शेडमध्ये दिवसभर दळण्याच्या यंत्राचा आवाज, आणि दुपारी कडूबाई. ती नारेगावकडून झाकणं आणि पिशव्या वेचून, धुऊन आणते. पहिल्या दिवशी तिनं मला ढिगापुढं उकिडवं बसलेलं पाहिलं आणि विचारलं, “मास्तर, किती शिकलास?” मी सांगितलं. ती म्हणाली, “यमेस्सी करून बी कचराच येचायचा होता व्हय? मग मीच बरी. मी चौथीतूनच आले.” तेव्हापासून ती मला मास्तरच म्हणते. पोती टेकवली की पाणी पिते आणि जाते.

वासिफची अम्मी, अख्तरी खाला, रोशन गेटच्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत राहायची. खालच्या खोलीत मी भाडेकरू होतो. वैजापूरला माझे वडील आणि भाऊ आहेत. भाऊ बाजार समितीत कांद्याच्या आडतीवर असतो आणि फोनवर एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे नोकरीचं काय. जेवलास का, हे विचारणारी शहरात एक खालाच होती. संध्याकाळी मी वर जायचो. ती खिचडी आणि चिंचेचा खट्टा पुढं ठेवायची, मी दिवसभरात काय भाजलं, काय फुटलं ते सांगायचो. ती ऐकत ऐकत झाकणांच्या स्टुलावर बसून तांदूळ निवडायची. ते माझं पहिलं स्टूल होतं. त्याचा एक पाय आखूड होता, आणि ती त्याखाली काही न घालता तशीच डुलत बसायची.

मागच्या मे महिन्यात एका दुपारी ती त्या खोलीच्या उंबऱ्यात पडली. मी कशासाठी तरी लवकर आलो होतो म्हणून दिसली. रिक्षानं घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, दुसऱ्या दिवशी घरी आली. भिंती जुन्या, जाड, विटांच्या. त्या ऊन आत येऊ देत नव्हत्या. पण वर नुसता पत्रा होता. त्या आठवड्यात खोलीतलं दुपारचं तापमान मी चव्वेचाळीस मोजलं होतं.

वासिफ तिला पुण्याला घेऊन गेला. पाऊस संपल्यावर ती परत आली आणि पुन्हा जायचं नाव काढेना. या वर्षी होळी झाली तसा वासिफचा मला फोन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. हवा अंगापेक्षा गरम झाली की पंखा म्हणजे लोहाराचा भाता, तो भाजतोच. खोली मेच्या दुपारी सदतीसच्या आत राहिली तर अम्मी तिथंच राहील, तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही राहिली तर तो गाडी घेऊन येईल, आणि मग अम्मीचं ऐकणार नाही. माझंही नाही.

मी म्हणालो, करून बघतो.

खालाला मी हे जसंच्या तसं सांगितलं. पुण्यात काय वाईट आहे, असंही विचारलं. तिनं बराच वेळ तांदळातला एकच खडा शोधला.

“तिकडं लिफ्टमधी सगळे मला आठशे दोनवाल्या आंटी म्हणतात,” ती म्हणाली. “इथं दोन-चार लोक तरी अजून अख्तरी म्हणतात.”

पीओपी एकदा घट्ट झालं की संपलं, असं लोक समजतात. तसं नसतं. ते दळून दीडशे अंशांवर भाजलं की त्यातलं पाणी उडतं, आणि ते पुन्हा पाणी मागायला लागतं. म्हणजे पुन्हा ओतता येतं, पुन्हा घट्ट होतं. मी ते वासिफच्या कढईत भाजलं. थर्माकोल खिसून त्याचे दाणे केले, कापसाचे धागे पिंजून घातले आणि दोन-दोन फुटांचे तक्ते ओतले. दाण्यांमध्ये अडकलेली हवा उष्णता अडवते, धागे तक्त्याला मोडू देत नाहीत, आणि पीओपी थर्माकोलला आगीपासून झाकून ठेवतं. हे काम दोघांचं आहे. एकानं ओतायचं, दुसऱ्यानं साचा हलवत राहायचं, नाहीतर एका कडेला बुडबुडे राहतात. मी साच्याला दोरी बांधली आणि ती पायानं ओढत ओतलं. पहिले सहा तक्ते कडेला जाळीदार झाले. सातवा बरा निघाला.

खाला त्यांना बिस्किटं म्हणायची. तुझी बिस्किटं वाळली का, असं रोज विचारायची. पलंगाच्या वर येणाऱ्या तक्त्यात मी ढिगातलं एक न फुटलेलं पीओपीचं फूल बसवलं. ते वर चढवताना ती शिडी धरून उभी होती. तिनं फुलाकडं पाहिलं आणि म्हणाली, हे तर झुबेदाच्या हॉलचं. झुबेदा समोर राहायची, आता पडेगावला असते. मग खाला पलंगावर आडवी होऊन बघून आली, म्हणजे तीन पावलं चालून आडवी झाली आणि उठली, आणि सांगितलं की फूल किंचित उजवीकडं आहे. बरोबर होतं. दीड इंच उजवीकडं होतं.

पत्रा आणि तक्ते यांच्यात मी अर्धा फूट हवा सोडली. खोलीच्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, खांबाला खिळा ठोकून तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र लटकवलं. वरचा आकडा तापमानाचा, खालचा आर्द्रतेचा. अर्ध्या अंशाची चूक त्याला माफ असते, असं त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं. दुपारी तीनला खोली सर्वांत तापते आणि तेव्हा मी शेडमध्ये असायचो, म्हणून खालानं फोनवर वरचा आकडा सांगायचा असं ठरलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात पारा वर गेला. खालाचा फोन आला. चौतीस पॉइंट आठ.

मी तिला पुन्हा वाचायला लावलं. तेच. दुसऱ्या दिवशी पस्तीस, तिसऱ्या दिवशी चौतीस पॉइंट पाच. माझ्या गणितात अडतीसच्या पुढं येत होतं. मी गणित पुन्हा केलं, भिंतींची जाडी वाढवून पाहिली, खिडकी धरली, सोडली. आकडा चांगला असला की चूक गणितातच शोधावीशी वाटते. आठवड्याचे आकडे मी वासिफला पाठवले. तो लगेच फोनवर आला आणि पहिल्यांदाच पूर्वीसारखं बोलला. मिश्रणाचं प्रमाण विचारलं, तक्त्याचं वजन विचारलं, आणि म्हणाला, जिंकलास यार, अम्मी आता माझं काही ऐकत नाही. संध्याकाळी खालानं शिरा केला. त्या रात्री मला लवकर झोप लागली.

या कामात मी तटस्थ नव्हतो, हे इथं सांगितलं पाहिजे. ती गेली तर संध्याकाळी वर जायला मला काही कारण उरणार नव्हतं.

मग एका दुपारी तिला चष्मा सापडेना. फोनवर ती चाचपडत म्हणाली, “बासष्ट.”

मी म्हणालो, तो खालचा असेल, वरचा सांगा.

“वरचा चौतीस पॉइंट दोन. खालचा बासष्ट.”

बाहेर हवेत त्या दिवशी पंधरा टक्के ओलावा होता. सगळं शहर कोरडं खडखडीत होतं. नळालासुद्धा आठवडाभर पाणी नव्हतं. मे महिन्यात या शहरातल्या कोणत्याही खोलीत बासष्ट टक्के होऊ शकत नाही. कडूबाई पोतं रिकामं करत होती. मी दळण्याचं यंत्र बंद केलं आणि मोटारसायकल काढली. ती मागून म्हणाली, “मास्तर, दूध उतू चाललंय का?”

वर गेलो तेव्हा खांबावरचा खिळा रिकामा होता.

खालाच्या खोलीत कोपऱ्यात माठ असतो. खाली वाळू, वाळूवर भिजवलेलं पोतं, माठालाही ओलं फडकं गुंडाळलेलं. उन्हाळ्यात त्या घरात जे बिघडू नये असं वाटतं ते माठाला टेकून ठेवतात. त्या दिवशी तिथं कोथिंबिरीची जुडी होती, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती, बीपीच्या गोळ्या होत्या, अर्धं लिंबू होतं. आणि ओल्या पोत्यावर, क्रोशाच्या रुमालानं झाकलेलं, माझं यंत्र होतं.

ते तिनं पहिल्याच दिवशी काढून ठेवलं होतं. वर लई गरम असतं, तिनं मला समजावलं. माझा मोबाइल नव्हता का मागच्या साली तापून बंद पडला? दुसऱ्याची चीज, तीही मशीन, खराब झाली तर? बोलताना ती यंत्रावरचा रुमाल घडी करत होती.

मी ते खिळ्यावर लटकवलं. आकडा चढायला लागला तसा आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत बसलो. तो अडतीस पॉइंट नऊवर थांबला. माझं गणित बरोबर होतं.

तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

“वासिफला सांगशील तू,” ती म्हणाली.

“आधी कमी करून बघतो.”

“नाय झालं तर?”

मी तक्त्यांमधल्या फटी बघू लागलो. तिनं माठाकडं मान वळवली.

“आठ-पंधरा दिवस राहू दे ना बेटा तिथंच, माठापाशी. मिरग लागला की कोण विचारतंय?”

“मागच्या मेमध्ये तुम्ही इथंच पडल्या होत्या, खाला.”

“पडले. उठले ना मग.”

मी तिच्या पायांकडं पाहिलं. ती त्याच उंबऱ्याजवळ बसली होती. मी म्हणालो की मी घरी नसतो तर उठल्या नसत्या. हे मी यापूर्वी तिला कधी म्हणालो नव्हतो. तिनं उठून गॅस लावला आणि चहाचं भांडं चढवलं.

वासिफला मी त्याच दिवशी कळवलं की आधीचे आकडे चुकीच्या जागेवरचे आहेत, ते धरू नकोस, नवे पाठवतो. कोणती जागा ते त्यानं विचारलं. माठ, एवढंच लिहिलं. त्यानं हसल्याचं चिन्ह पाठवलं, आणि थोड्या वेळानं लिहिलं, किती दिवस लागतील?

मी शेडमधली बाकीची कामं थांबवली. उरलेलं पीओपी भाजलं आणि पहिल्या थराखाली दुसरा थर लावला. तक्त्यांच्या कडांमधून गरम हवा उतरत होती. तिथं चिंध्यांच्या वाती करून ठासल्या. पत्र्यावर चढून चुन्याचे दोन हात दिले. खिडकीला दुधाच्या पिशव्या वितळवून केलेली पांढरी पाटी बसवली, म्हणजे ऊन तिथूनच परत जावं. खाला शिडी धरायची, वाती वळून द्यायची. तिनं त्या दिव्याच्या वातींसारख्या सुबक वळल्या होत्या. त्या फटीत जाऊन कुणाला दिसणार नव्हत्या. माझ्या सांगण्यावरून तिनं दुपारचा स्वयंपाकही सकाळीच उरकायला सुरुवात केली.

आता आकडा मी स्वतः बघायला यायचो. तीनच्या आधी पोहोचायचो, दार लावून घ्यायचो. यंत्राला स्थिरावायला वेळ द्यावा लागतो, तोवर थांबावं लागायचं. मी आलो की खाला गॅसवर चहा ठेवायची. मी नको म्हणायचो. ती म्हणायची, “नक्को कसा? उन्हातून आला तू.” चहा पिऊन झाला की मी आकडा घ्यायचो.

अडतीस पॉइंट एक. सदतीस पॉइंट सहा. मग चुना पूर्ण वाळला आणि सदतीस पॉइंट दोन. तिथून तो हलेना. बाहेर बेचाळीस असो की एकेचाळीस, कपातला शेवटचा घोट घेऊन मी खांबाकडं बघायचो आणि तिथं सदतीस पॉइंट दोन असायचं. खालची आर्द्रता तेवीस. खालाही आता चष्मा लावून बघायची. एकदा ती पदरानं यंत्रावर वारा घालत होती. मी बघतोय हे लक्षात आल्यावर तिनं तोच पदर कपाळाला लावला.

आकडा वासिफला पाठवताना मी शेजारी लिहिलं, अर्ध्या अंशाची चूक धरून. मला वाटलं तो त्याच्या कामाचा माणूस आहे, त्यातली सवलत त्याला दिसेल. त्याचा फोन आला.

“म्हणजे सदतीस पॉइंट सातही असू शकतं,” तो म्हणाला.

“छत्तीस पॉइंट सातही असू शकतं.”

“तू माझ्या जागी असतास तर कुठला धरला असतास?”

त्याच्या प्रयोगशाळेत मागं कुठलं तरी उपकरण टिकटिकत होतं.  तो म्हणाला की शनिवारी येतो.

तो आला तेव्हा आधी छताकडंच गेला. हात लावला, बोटानं वाजवून पाहिलं, फुलाखाली उभा राहिला. काम चांगलं झालंय, म्हणाला, मनापासून म्हणाला. त्यांच्याकडं एक जागा निघतेय, माझं नाव सुचवू का, असंही विचारलं. मी म्हणालो, बघू. मग आम्ही दोघांनी पेट्या खाली उतरवल्या.

खालानं भांडणही केलं नाही आणि रडलीही नाही. कपडे, नमाजाची जानमाज, गोळ्या, डोळ्यांचे थेंब. माठातलं पाणी तिनं गल्लीतल्या कडुनिंबाला घातलं आणि माठ वाळूवर पालथा ठेवला. झाकणांचं स्टूल डिकीत मावेना, म्हणून ते पुढच्या सीटजवळ पायाशी ठेवलं. वासिफ म्हणाला, अम्मी, याचा पाय आखूड आहे, मी नवीन घेऊन देतो. ती म्हणाली, “हौ, म्हणूनच नेते. बसलं की हलतं तरी.”

खोलीची किल्ली तिनं माझ्याकडं दिली. नळाला पाणी येईल तेव्हा वरचा ड्रमही भरून घे, तुला कामाला लागतं, असं सांगितलं. फडताळात चहा-साखर आहे. गाडी रुंद रस्त्याला लागेपर्यंत तिचा हात काचेवर दिसत होता. रस्ता आता रुंद असल्यामुळं गाडी लवकर निघाली.

सोमवारी मी शेडमध्ये गेलो. एक टेबलाचा तक्ता ओतायचा होता. दोरी पायाला बांधून ओतला. कडूबाई झाकणं घेऊन आली. म्हातारी गेली का, तिनं विचारलं. मी हो म्हणालो. ती पाणी प्यायली, पण त्या दिवशी लगेच गेली नाही. खिडकीतला बाहुलीचा हात उचलून पाहिला, परत होता तसा ठेवला, आणि मग गेली.

तीनच्या आधी मी घरी पोहोचलो. वर जाऊन किल्लीनं दार उघडलं आणि आतून लावून घेतलं. यंत्र खिळ्यावर होतं. गॅसचं बटण बंद होतं, आज चहा चढणार नव्हता. माठ पालथा, वाळू कोरडी. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि यंत्र स्थिरावेपर्यंत, रोज थांबायचो तेवढा वेळ थांबलो.

बाहेर सावलीत ४२.१. पत्र्याच्या खाली ५१.८. खोलीत, खिळ्यावर, ३६.६. आर्द्रता १४ टक्के.